तिसरी हाक

"मग मला रोज ओ कोण देतं, बाई?" भरतेशनं विचारलं.

पदराच्या टोकानं हमिदाबाई चष्म्याची काच पुसत राहिल्या.

"देवीच्या राईत नवरंग पक्षी राहिला नाही म्हणता. मग मी शीळ घातली की समोरून शीळ येते, ती काय झाडं घालतात?"

वाचनालयात बसलेली माणसं हसली. बाई हसल्या नाहीत.

"झाडं न्हाई घालत," त्या म्हणाल्या.

"मग कोण?"

बाईंनी चष्मा चढवला. काड्या कानामागं नीट बसवल्या. भरतेशकडं न बघता त्याच्या मागच्या पांढऱ्या पडद्याकडं बघितलं. पडद्यावर त्याच्या भाषणातला शेवटचा फोटो अजून तसाच होता. काळाभोर कोतवाल पक्षी, शेपटीतून निघालेल्या तारेसारख्या दोन काड्या, काड्यांच्या टोकाला दोन गोंडे.

"चहा आणा रे कुणीतरी," बाई म्हणाल्या.

सभा तिथंच मोडली.

भरतेशला ते झोंबलं. झोंबणारच. चारचौघांत माणसाला खोटं पाडायचं आणि वर चहा मागवायचा, हे कुणालाही झोंबेल.

बोरघळचं पाखरू मंडळ म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हे. शनिवारी वाचनालयात कुणीतरी पाखरांवर चार शब्द बोलायचं, रविवारी उजाडताना सगळ्यांनी रानात फेरी मारायची, परत येऊन पोहे खायचे. एवढंच. पण हमिदाबाई मुल्लाणींनी ही एवढीशी गोष्ट शाळेत बाई असल्यापासून धरली, ती गुडघे गेले तरी सोडली नव्हती. मंडळातली निम्मी माणसं त्यांच्या हाताखाली पाटी गिरवून मोठी झालेली. भरतेश मगदूमसुद्धा.

बाईंच्या गळ्यात एक जुनी दुर्बीण असायची. कातडं सोललेलं, पितळ उघडं पडलेलं. नवऱ्यानं बेळगावच्या बाजारातून आणलेली. दुर्बीण ज्याच्या गळ्यात, फेरी त्याच्या मागं, असा मंडळाचा न लिहिलेला कायदा होता. आणि यंदा बाई बोलून गेल्या होत्या, "माझ्यानं आता चढ होत न्हाई. दुर्बीण कुणाच्या तरी गळ्यात घालायला पायजे."

कुणाच्या, ते बोलल्या नव्हत्या.

भरतेशला ते विचारायची गरजही वाटली नव्हती. त्याच्याएवढा कान मंडळात कुणाचा होता? धंदा मंडप आणि स्पीकरचा. लग्न असो, कीर्तन असो, निवडणूक असो, कर्णे त्याचेच. रस्त्यानं जाता जाता दुसऱ्याच्या मांडवातल्या कुठल्या कर्ण्याची कॉइल गेलीय ते सांगायचा. पाखरांच्या नादाला लागला तेव्हा दोन पावसाळ्यांत त्यानं सगळ्या रानाचा आवाज तोंडपाठ केला. नुसता ओळखायला नव्हे, काढायला. पावशा काढायचा, तांबट काढायचा, हळद्या काढायचा. झाडावरचा खरा हळद्या खाली उतरून याच्या तोंडाकडं बघत बसायचा.

पण त्याचा हुकमाचा एक्का म्हणजे नवरंग. हिरव्या पाठीचं, शेंदरी पोटाचं, बुटक्या शेपटीचं पाखरू. राईत जमिनीवरचा पाला उलटत फिरतं, सहजी दिसत नाही. सकाळी आणि सांजेला तेवढी शीळ घालतं. दोन सूर. एक वर चढणारा, एक खाली उतरणारा.

भरतेश ती शीळ घालायचा आणि राईतून ओ यायची.

महिनाभर रोज सांजेला हेच चाललं होतं. हा राईच्या कडेला उभा राहायचा, शीळ घालायचा. आतून ओ यायची. हा चार पावलं आत सरकायचा, पुन्हा घालायचा. पुन्हा ओ. कोल्हापूर-सांगलीच्या पाखरंवाल्या लोकांना त्यानं निरोप धाडला होता. रविवारी या. नवरंग दाखवतो. नुसता दाखवत नाही, बोलावून दाखवतो.

लोक गाडी करून येणार होते. उद्याच.

आणि आदल्या दिवशी, ह्याच्या भाषणात, पहिल्या रांगेत बसून बाई म्हणतात की नवरंग नाही.

भाषण तसं झकास झालं होतं. गोंडेवाल्या कोतवालाचा फोटो आला तेव्हा भरतेशनं सांगितलं, ह्याला भृंगराज म्हणतात, हा रानातला नकल्या. मांजर काढतो, शिक्रा काढतो, गुराख्याची शिट्टी काढतो. एकच आवाज पुन्हा पुन्हा कानावर पडला की उचलतो, आणि उचलला की असा हुबेहूब, की ज्याचा त्याला ओळखू येणार नाही.

मग त्यानं माईक बाजूला सारला आणि नवरंगाची शीळ घातली.

टाळ्या पडल्या. गिरणीवाली सुमन पोवार तेवढी गालाला हात लावून बसली होती.

"शीळ झ्याक हाय रे," ती म्हणाली, "पण शेवटाला कुकरची वाफ सुटल्यागत काय होतंय?"

"सुमनवहिनी, दात नाही ना. हवा जाते."

वरचा पुढचा दात त्याला खरंच नव्हता. कर्णा बांधताना खांबावरून घसरला, त्यात गेलेला. दात गेला आणि शीळ आली, असं तो स्वतःच सांगायचा.

"मग बसवून घे की बाबा. पोरगी बघायला जाशील आन् नाव सांगताना सूऽ करशील. गडी येडा हाय म्हणून पोरगी पळंल."

सगळे हसले. भरतेशही हसला. त्याच हसण्यात बाईंचा आवाज आला.

"परत घाल."

त्यानं घातली. दोन सूर, आणि शेवटाला बारीक सूऽ.

बाईंनी डोळे मिटले होते.

"परत."

त्यानं पुन्हा घातली.

बाईंनी डोळे उघडले. त्या डोळ्यांत कौतुक नव्हतं, राग नव्हता. रात्री दाराची कडी लावली की नाही हे आठवताना माणूस जसा बघतो, तशा त्या बघत होत्या.

"राईत नवरंग न्हाई, भरतेश," त्या म्हणाल्या. "जाऊन लई दिवस झालं."

तिथून पुढचं सगळं झालं.

चहा पिऊन माणसं पांगली. भरतेश तारा गुंडाळत होता. बाई पायरीवर बसून चप्पल पायात सरकवत होत्या.

"सांजच्याला राईत ये. एकटाच ये."

"आज? उद्या सकाळी लोक येणार आहेत, बाई. सगळी तयारी..."

"म्हणून तर आज."

भरतेशच्या मनात लख्ख उजेड पडला. राईत, देवीसमोर. दुर्बीण तिथं गळ्यात घालणार म्हातारी. चारचौघांत बोलली ते उगाच, परीक्षा घ्यायला. मास्तर लोकांची खोड.

घरी जाऊन त्यानं धुतलेला सदरा घातला.

*

बोरघळात एक रीत आहे. पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. तिसरी हाक येईस्तोवर गप बसायचं. पहिल्या दोन हाका कुणाच्याही असू शकतात. तिसरी हाक माणसाचीच. दुसऱ्या कशाला तिसरी हाक मारता येत नाही.

म्हणून गावात कुणीही दारात आलं तरी शिंक आल्यासारखं एका दमात तीनदा नाव घेतं. सुमे, सुमे, सुमे. पोस्टमनसुद्धा तीनदा ओरडतो, आणि तो तर बदलून आलेला, लातूरकडचा.

बाईंच्या शाळेत हजेरीही तशीच चालायची. एकेक नाव तीनदा. तिसऱ्यांदा नाव आलं की पोरानं हजर म्हणायचं. तपासणीला आलेला साहेब हसून हसून बेजार झाला होता. बाई म्हणाल्या, "साहेब, पोरगं खरंच आलंय का, हे बघायला येळ लागतो."

भरतेश मूळचा बोरघळचा नव्हे. जैन बस्तीच्या गावचे मगदूम, आजोळी शिकायला राहिलेला. त्याला दम नव्हता. पहिल्याच हाकेला उठून हजर बाई. बाई मान वर न करता म्हणायच्या, "अजून बोलावलं न्हाई तुला." आणि त्याचं नाव आणखी दोनदा घ्यायच्याच.

पोरं खिदळायची. ते त्याला अजून आठवायचं.

आणि राईत तर हाकच मारायची नाही. मंडळाची फेरी राईत शिरली की कुणी कुणाला नावानं बोलावत नसे. दंडाला बोट लावायचं, पाखरू दाखवायचं, पुढं जायचं. भरतेशला हे सगळं खुळ्याचं वाटायचं. पण शीळ म्हणजे काही हाक नव्हे. तसा कुठं नियम होता?

बाई राईच्या तोंडाशी आधीच येऊन थांबल्या होत्या. दिवस डोंगराआड उतरत होता. दुपारी सर येऊन गेलेली, झाडांच्या अंगावरून अजून पाणी निथळत होतं.

दुर्बीण त्यांच्या गळ्यातच होती. भरतेशनं ते आधी बघितलं.

"शीळ घालू का?"

"नको."

"एकदा घालतो. तुमच्यासमोर ओ येईल. मग तरी..."

"चल," बाई म्हणाल्या आणि आत शिरल्या.

आत शिरलं की राईचा उजेड बदलतो. हिरवा होतो, आणि मग हिरवाही राहत नाही. वेली एवढ्या जाड की झाड कुठलं आणि वेल कुठली कळत नाही. बाई काठी टेकत पुढं, भरतेश मागं. पायाखाली पाला भिजलेला, पाऊल वाजत नव्हतं.

थोडं आत गेल्यावर भरतेश थबकला.

"बाई."

बाईंनी वळून बघितलं.

"काहीच बोलत नाही."

एवढी मोठी राई, सांजेची वेळ. ह्या वेळेला सातभाई भांडतात, नाचण उड्या मारतं, वर कुठंतरी तांबट ठोकत असतो. त्यातलं काही नव्हतं. भरतेशच्या कानाला ही शांतता चांगली ओळखीची होती. स्पीकर बंद असतो तेव्हाची शांतता वेगळी. आणि स्पीकर चालू असतो, गाणं लागलेलं नसतं, कुणीतरी माईकसमोर येऊन उभं राहिलेलं असतं आणि अजून बोललेलं नसतं, ती शांतता वेगळी.

ही दुसरी होती.

"व्हय," बाई म्हणाल्या. "ऐकत्यात."

"कोण?"

बाई पुढं चालू लागल्या.

देवीच्या दगडाच्या पलीकडं एक कारवीचं दाट झुडूप होतं. बाई तिथं वाकल्या. गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत. काठीनं एक फांदी बाजूला केली.

आत जमिनीलगत काटक्यांचा आणि पाल्याचा एक गोळा होता. नारळाएवढा. बाजूनं तोंड. तोंडावर कोळ्यानं जाळं विणलेलं, जाळ्यात पावसाचे थेंब.

भरतेश आणखी वाकला. महिनाभर शोधत होता तो.

"नवरंगाचं घरटं," तो पुटपुटला. "म्हणजे आहे की, बाई. आहे की इथं."

"आत बघ."

त्यानं खाली बसून बघितलं. आत अंडी होती. पांढरी, बारीक लालसर ठिपक्यांची. एकाला मुंग्या लागलेल्या.

"हात लाव."

"बाई, असं काय करता? अंड्याला हात लावायचा नसतो. तुम्हीच शिकवलंय."

"कुणाच्या अंड्याला?"

"पाखराच्या."

"मग लाव. ही आता कुणाचीच न्हाईत."

भरतेशनं जाळं बोटानं बाजूला केलं. बोट आत घातलं.

नदीतला गोटा लागावा तसं गार लागलं.

त्यानं बोट चटकन बाहेर काढलं आणि सदऱ्याला पुसलं. पुसल्यावर वाटलं, पुसायला नको होतं. धुतलेल्या सदऱ्यावर काहीच उमटलं नव्हतं, पण त्याचं लक्ष पुन्हा पुन्हा तिथंच जाऊ लागलं. घरी आई पाणी गाळल्याशिवाय पीत नाही. मुंगी मरू नये म्हणून दिवा झाकून ठेवते.

"कशानं झालं?" त्यानं विचारलं.

बाई बाजूच्या एका दगडावर टेकल्या.

"तू कडेला शीळ घालायचास," त्या म्हणाल्या. "नर अंड्यांवर बसलेला असायचा, उठायचा. आपल्या घरात दुसरा नर कोण शिरला म्हणून तुला शोधत फिरायचा. तू सरकलास की तो सरकायचा. तू गेलास तरी तो हुडकत असायचा..."

"आणि मादी?"

"तिलाबी पोट हाय. तिला उठावं लागायचं. उठली की मागं कुणी नसायचं."

भरतेशनं पुन्हा घरट्याकडं बघितलं.

"मग एक दिवस नर आलाच न्हाई. मग तीबी आली न्हाई."

"तुम्हाला माहीत होतं? सगळं बघत होता तुम्ही?" भरतेशचा आवाज चढला. "मग मला बोलला का नाहीत?"

"बोलावलं की."

"कधी?"

"तीनदा."

भरतेश 'नाही' म्हणणार होता.

त्याला आठवलं. पहिल्यांदा तो राईच्या कडेला उभा होता आणि बाई मागून जाता जाता म्हणाल्या होत्या, "पुरे, भरतेश." तो हसला होता. दुसऱ्यांदा ओढ्याजवळ. "भरतेश, पुरे आता." तेव्हा तो हूं म्हणाला होता, ओठ शिळेतच होते. तिसऱ्यांदा बाई चढ चढून मुद्दाम आल्या होत्या, धापा टाकत, आणि त्याच्या दंडाला हात लावून काहीतरी म्हणाल्या होत्या. काय म्हणाल्या ते त्याला आठवत नव्हतं. समोरून ओ येत होती आणि तो ती ऐकत होता. त्यानं हात झटकला होता.

गावातला सगळ्यात चांगला कान.

"पण बाई..." तो उठून उभा राहिला. "कालही मी आलो होतो. काल शीळ घातली. ओ आली. मी खोटं नाही सांगत."

"न्हाई, तू खोटं न्हाई सांगत."

"मग नर परत आला असेल. असेल की नाही?"

बाई राईकडं बघत राहिल्या. अंधार अजून पडला नव्हता, पण खोडाखोडांच्या मधली जागा भरत चालली होती.

"उद्या लोक येणार आहेत," भरतेश म्हणाला. हे आपण का म्हणालो ते त्याचं त्याला कळलं नाही. "त्यांना काय दाखवू?"

"घाल शीळ," बाई म्हणाल्या.

"आता?"

"तुला घालायची हुती न्हवं? घाल."

भरतेशनं ओठ आवळले. हवा आली, शीळ आली नाही. जीभ टाळूला चिकटली होती. त्यानं ओठ चाटले, पुन्हा आवळले. बोटाला अजून तो गार गोटा लागत होता. ओठांतून काही केल्या सूर फुटेना.

तो थांबला.

आणि राईतून शीळ आली.

त्यानं घातलेली नसताना.

दोन सूर. एक वर चढणारा, एक खाली उतरणारा.

भरतेशचं तोंड उजळलं. अंगात रक्त आलं. "आला," तो म्हणाला, "बाई, ऐकलंत? आला की..." आणि सवयीनं मान वर करून, ओठ जुळवून तो ओ द्यायला निघाला.

बाईंचा हात त्याच्या तोंडावर पडला.

म्हातारा, खरखरीत हात. खडूनं भेगाळलेला तो अजून तसाच होता. पण जोर असा की दात ओठांवर दाबले गेले.

"शेवटाला काय झालं?" बाईंनी कुजबुजत विचारलं.

त्यानं आठवलं. कानात तो आवाज अजून होता. दोन सूर, आणि त्यांच्या मागं, शेवटाला, बारीक...

सूऽ.

नवरंगाला दात नसतात. पडायला आणि हवा जायला.

बाईंचा हात त्याच्या तोंडावरच होता. त्याला आपला श्वास त्यांच्या तळव्यावर आपटताना ऐकू येत होता.

"महिनाभर," बाई म्हणाल्या, "तू कुणाला ओ देत हुतास?"

हात खाली आला. त्यांनी गळ्यातली दुर्बीण काढली. डोक्यावरून पट्टा काढताना अंबाड्यात अडकला, तो सोडवला. मग ती दुर्बीण त्यांनी भरतेशच्या गळ्यात घातली.

"घे. तुला पायजे हुती. बघ."

पितळ त्याच्या छातीला लागलं. तेही गार होतं.

त्यानं दुर्बीण डोळ्यांना लावली. आवाज आला त्या दिशेनं तो फांदी फांदी चाचपत गेला. वेल. खोड. पानं. मग एक आडवी फांदी, आणि फांदीवर काळं काहीतरी. त्यानं चाक फिरवलं. काळं पाखरू ठळक झालं. डोक्यावर तुरा, शेपटीतून निघालेल्या तारेसारख्या दोन काड्या, टोकाला दोन गोंडे. वारा नव्हता तरी गोंडे हळूहळू हलत होते.

भृंगराज.

तो बघत असतानाच त्या पाखराची चोच उघडली. गळा फुगला. शीळ आली. दोन सूर. आणि सूऽ.

भरतेश हसला. हसताना डोळ्यांत पाणी आलं, एवढं त्याला हायसं वाटलं.

"नकल्या," तो म्हणाला. "बाई, नकल्या आहे. भृंगराज. मी महिनाभर घातली ना, त्यानं उचलली. मला वाटलं..." त्यानं नाक ओढलं. "मला काय काय वाटलं."

"कितवी झाली?" बाईंनी विचारलं.

"काय?"

"कितवी हाक?"

"हाक कसली बाई, पाखरू आहे. हे बघा, इथून स्पष्ट दिसतंय. घ्या, तुम्हीच बघा."

"तू बघ. डोळा काढू नको."

तो बघत राहिला.

भृंगराज फांदीवर बसला होता. चोच मिटलेली. मान त्यानं वळवली होती, मागं, आपल्या पाठीकडं, राईच्या अगदी आतल्या बाजूला. जिथं आता नुसता काळोख होता. पाखरू अंग चोरून बसलं होतं. तेही ऐकत होतं.

भरतेशनं श्वास धरला.

शीळ आली.

सावकाश. घाई नसलेली. पहिला सूर वर चढला, थांबला, दुसरा खाली उतरला. आणि शेवटाला ती बारीक हवा, गेलेल्या दाताच्या जागेतून सुटणारी.

दुर्बिणीत पाखराची चोच मिटलेलीच होती.

मग ते उडालं. गोंडे दोन रेघा ओढत वर गेले आणि फांदी रिकामी झाली. फांदीच्या मागं काही दिसत नव्हतं.

भरतेशनं दुर्बीण खाली केली. बोलायचा प्रयत्न केला. ओठ हलले. त्यानं शीळ घालून बघितली, नुसती हवा. बाई म्हणून बघितलं, नुसती हवा. त्यानं जिभेनं दाताची ती रिकामी जागा चाचपली.

"बाई..." शेवटी कसाबसा घोगरा आवाज निघाला. "ती... ती कुणाची होती?"

हमिदाबाई उठल्या. काठी टेकली. त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. हजेरी घेताना कधी मान वर केली नव्हती त्यांनी. आता केली. चष्म्यातून त्याच्या तोंडाकडं एकटक बघितलं, बराच वेळ, ओळख पटत नसल्यासारखं.

"तिसरी झाली," त्या म्हणाल्या. "म्हंजे दात गेलेला माणूस तिकडं हाय."

त्यांनी काठीचं टोक त्याच्या छातीकडं केलं.

"मग हितं कोण उभं हाय?"